एकतीस नग, माझ्या नावाचे

माझ्या धाकट्या भावाचा तक्ता अमेरिकेहून फोनवर आला तेव्हा मी आईच्या ओट्याखाली डोकं घालून बसले होते. वर्तकनगरातली आमची जुनी बिल्डिंग पाडून नवी होणार होती आणि महिनाअखेरीला घर रिकामं करून चावी द्यायची होती. नवी होईपर्यंत आई माझ्याकडे राहणार, डोंबिवलीला, मानपाड्याच्या माझ्या दोन खोल्यांत. आई येणार हे ठरलं होतं. आईचं सामान येणार नाही हेही ठरलं होतं, फक्त ते आईला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ते काम अर्थातच माझ्याकडे होतं.

सांगितलं तेव्हा ती फार काही बोलली नाही. "मग आंबिवलीच्या मुलींना देऊ," एवढंच म्हणाली. आंबिवलीजवळ मुलींचं एक वसतिगृह आहे. आईच्या भजनी मंडळातल्या बायका तिथे अधूनमधून धान्य पाठवतात. मी फोन केला, तिथल्या बाई म्हणाल्या, भांडी, पांघरुणं, कपाट, काहीही चालेल, टेम्पो आम्ही पाठवू. मला वाटलं, सुटले. पण मग मी हे भावाला सांगायची चूक केली.

त्याच्या तक्त्यात सहा रकाने होते. वस्तू कोणती, कधी मिळाली, कशी मिळाली, तेव्हाची किंमत, आत्ताची अवस्था, आत्ताची किंमत.

"अगं ताई, डोनेट करतेच आहेस तर नीट लिस्ट करून कर," तो म्हणाला. "आम्ही इथे जुने स्वेटर दिले तरी लिहून ठेवतो. वर्षाच्या शेवटी टॅक्समधून वजा होतात. तुझ्या एफडीवर टीडीएस कापतात ना? तेवढाच वाचेल."

"इथे असं असतं का पण?"

"असणारच. सगळीकडे असतं. तू फक्त पावती घ्यायला विसरू नकोस."

इतक्या लांब बसून दुसऱ्याला काम लावायची त्याची हातोटी मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यात वाईट हेतू कधीच नसतो, म्हणून भांडताही येत नाही. मी फोन ठेवला आणि ओट्याखालून तीन लेमन सेट बाहेर काढले. तिन्ही खोके न उघडलेले. कुणाकुणाच्या लग्नात, मुंजीत आलेले आणि पुढे कुणाला तरी देऊ म्हणून ठेवलेले.

खरं सांगायचं तर तक्ता बघून मला राग आला तसा थोडा हुरूपही आला. सदतीस वर्षं मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. बोल्ट असो नाहीतर बॅरल, आत आलेल्या प्रत्येक वस्तूची तारीख, नग, कुणाकडून आली, हे लिहिल्याशिवाय मी ती रॅकवर चढू दिली नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हात अजून तसाच आहे. एक लांब वही आणली, पट्टीने रकाने पाडले, आणि दर रविवारी दोन वाहनं बदलून वर्तकनगरला जायला लागले. गुडघे दुखत होते, कंबर दुखत होती. साठीला आलेल्या बाईने शिडीवर चढून माळा उपसायचा नसतो हे मलाही कळत होतं. पण दुसरं होतं कोण?

आई दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माहिती द्यायची. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरते, पण कोणती किसणी कुठल्या बाजारातून आणली ते तिला पाठ. भावाने अवस्थेसाठी तीन शब्द दिले होते: बरी, चांगली, उत्तम. आईच्या लेखी सगळंच उत्तम.

"मिक्सर?"

"उत्तम."

"आई, त्याचं झाकण रबरबँडने लावलंय."

"फिरतो ना? मग उत्तम."

मी ‘बरी’ लिहायचे. किमतीवरूनही आमचं जमत नव्हतं. मी नाक्यावरच्या भांडीवाल्याला जुन्या स्टीलचा आणि पितळेचा किलोचा भाव विचारून आले होते आणि वजनकाट्यावर एकेक भांडं ठेवून आकडा काढत होते. आईला ते बघवत नसे. वजन करून टाकायला काय रद्दी आहे का, असं तिचं म्हणणं. तिच्या वडिलांनी दिलेला तांब्याचा बंब मी काट्यावर ठेवला तेव्हा ती उठून आतल्या खोलीत निघून गेली आणि मी दोनदा हाक मारल्यावरच बाहेर आली.

भांड्यांचं एक बरं असतं, त्यांना ‘कशी मिळाली’ हे विचारावं लागत नाही. आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच मशीनवर टिंबाटिंबांनी नाव घालून घ्यायची पद्धत. कुणी दिलं, कुणाला दिलं, तारीख, सगळं काठाखाली कोरलेलं असतं. आईच्या लग्नातली पातेली तिच्या मामांच्या नावाची. काही डबे बाबांच्या नावाचे. आणि रोजच्या वापरातली बरीचशी भांडी भावाच्या नावाची: पितळेची कळशी, दुधाचं पातेलं, मिसळणाचा डबा, पुरणयंत्र. ती चौदा होती. मी तारखा बघून बघून उतरवून घेतल्या. सगळ्या धनत्रयोदशीच्या, कारण आमच्या घरी दर धनत्रयोदशीला एक तरी भांडं घ्यायचंच, मग वाटी का असेना.

तिसऱ्या रविवारी माळ्यावर फक्त एक पत्र्याची ट्रंक उरली.

त्या ट्रंकेत काय आहे ते मला माहीत होतं. ती ‘तुझी भांडी’. माझ्या लग्नासाठी आईने जमवलेली. मी पाच वर्षांची असल्यापासून ती दर धनत्रयोदशीला माझ्या नावाचं एक भांडं घ्यायची, कधीकधी पाडव्यालाही. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक खाली यायची, भांडी पुसली जायची, नवं वर्तमानपत्र घातलं जायचं आणि ट्रंक परत वर जायची. लग्न झालं नाही. स्थळं यायची, मग काहीतरी बिनसायचं. आधी पत्रिका, मग उंची, मग वय. पस्तिशीनंतर कुणी विषय काढेना. चाळिशीत मी कारखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या आणि बाबा गेल्यावरही आई इथेच राहिली, ट्रंकही इथेच राहिली. तिच्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. इतक्या वर्षांत ती माळ्याचाच एक भाग झाली होती.

"ती राहू दे," आई म्हणाली.

"लिहून तरी घेते. बिल्डिंग पाडायची आहे आई, माळा राहणार नाहीये."

मी एकेक भांडं काढून पुसलं आणि लिहिलं. वाट्या, फुलपात्रं, ताटं, तांब्या, कढई, चकलीचा सोऱ्या, शेवटी एक भलीमोठी परात. प्रत्येकावर ‘कु.’ आणि माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, तारीख. एकतीस नग. अवस्थेच्या रकान्यात पहिल्यांदाच मी स्वतः होऊन ‘उत्तम’ लिहिलं आणि पुढे ‘न वापरलेली’ असंही लिहिलं. लिहिताना काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण फार काही वाटायला अंगात त्राण लागतं. मला तेव्हा फक्त जमिनीवर आडवं व्हायचं होतं.

सोमवारी दुपारी मानपाड्याला मी यादी सुवाच्य उतरवायला घेतली. सवयीने सगळी भांडी तारखेप्रमाणे लावली. स्टोअरमध्ये आम्ही तसंच करायचो, कधी काय आलं ते एका नजरेत दिसावं म्हणून. आणि ते दिसलं.

माझ्या नावाची शेवटची नोंद ती परात. मला नोकरी लागली त्या वर्षीची, मी एकवीस वर्षांची होते. पुढच्या धनत्रयोदशीला कळशी होती. भावाच्या नावाची. त्याच्या पुढच्या वर्षी दुधाचं पातेलं, भावाच्या नावाचं. मग चौदा वर्षं ओळीने त्याचंच नाव. परातीच्या आधी त्याच्या नावाचं एकही भांडं नव्हतं आणि परातीच्या नंतर माझ्या नावाचं एकही नव्हतं.

मी दोनदा ताडून बघितलं. वाटलं, तारीख उतरवताना माझीच चूक झाली असेल. झाली नव्हती. ही भांडी आयुष्यभर माझ्या हातात होती. त्या कळशीने मी हजारदा पाणी भरलं, त्या पातेल्यात दूध तापवलं. पण काठाखालच्या तारखा कोण वाचत बसतं? मी बावीस वर्षांची असताना बाबांची कंपनी बंद पडली. त्यानंतर घर माझ्या पगारावर चाललं. भावाचे क्लास, त्याचं इंजिनिअरिंग, पुढे परदेशी जायचं कर्ज, सगळं त्याच पगारातून. म्हणजे ती कळशीही माझ्याच पगारातली. माझ्या पैशांनी घेतलेली, त्याच्या नावाची कळशी.

मला लग्नाचं दुःख वगैरे फारसं राहिलेलं नाही. ज्या बाया लग्न करून सुखी झाल्या त्या मी पाहिल्या आहेत आणि ज्या नाही झाल्या त्याही. पण अडतीस वर्षं मी एक गोष्ट खरी मानून चालले होते: माझं जमलं नाही. नशिबात नव्हतं. आता समोर वहीत दिसत होतं की कुणीतरी एका विशिष्ट दिवाळीला माझं लग्न करायचं नाही असं ठरवलं होतं. आणि ते मला सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. मला आईच्या तोंडून ते एकदा ऐकायचं होतं, बाकी काही नको होतं. तसा फोन जवळच पडला होता, पण मी उचलला नाही. असल्या गोष्टी फोनवर विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. तशी समोर विचारायचीही नाहीच.

शनिवारी वही घेऊन मी डोंबिवलीतल्या माझ्या रिटर्न भरणाऱ्या माणसाकडे गेले. जुलै होता, त्याच्या गाळ्याबाहेर चपलांचा ढीग होता. दीड तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. त्याने वही उलटसुलट बघितली, रकान्यांवरून बोट फिरवलं.

"मॅडम, यादी एक नंबर केलीय. पण देणगीच्या सवलतीला वस्तू चालत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पैसे द्यावे लागतात. चेकने, नाहीतर ऑनलाइन. रोख दिले तरी दोन हजारांच्या वर चालत नाहीत. भांडी, कपडे, कपाट, यांचं काही मिळत नाही. फारच असेल तर सगळं मोडीत विका आणि आलेल्या पैशांचा चेक संस्थेला द्या." मग त्याने माझी फाईल उघडली आणि हसला. "पण तेही नको. तुम्ही नवीन टॅक्स रेजीममध्ये आहात. तुम्हाला तशीही ही सूट नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. तीन रविवार, एक वजनकाटा, दोन्ही गुडघे.

घरी येऊन भावाला फोन केला. तो नुकताच उठला होता. "अरेच्चा," तो म्हणाला. "मग कशाला एवढी लिस्ट करत बसलीस गं ताई?" आपण याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, असं स्वतःला सांगितलं आणि बोलणं आवरतं घेतलं. त्याच्या नावाच्या भांड्यांचं काय करायचं, एवढं विचारलं. "कुठली भांडी?" तो म्हणाला. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. "देऊन टाक सगळी."

शेवटच्या रविवारी टेम्पो अकराला येणार होता. मी आठलाच पोचले. आई आंघोळ करून, बाहेर जायची साडी नेसून खुर्चीत बसली होती. घर गोण्यांनी भरलं होतं. मी ट्रंक ओढत दारापर्यंत आणली.

"ती जायची नाही," आई म्हणाली. "तुझ्या नावाची आहेत. तुझ्या घरी ने."

"माझ्याकडे पातेली आहेत. एका माणसाला किती पातेली लागतात?"

"आता दोन माणसं होतील."

मी ट्रंकेवरच बसले आणि पिशवीतून वही काढली. विचारायचं असं ठरवून मी आले नव्हते. पण टेम्पो यायला तीन तास होते, आणि मला वाटलं, ही ट्रंक एकदा गेली की मी कधीच विचारणार नाही.

"आई, एकविसाव्या वर्षानंतर माझ्या नावाचं एकही भांडं कसं नाही?"

"बाबांची कंपनी बंद पडली ना. पैसे कुठे होते?"

"पैसे होते. त्याच दिवाळीला कळशी घेतलीस. पितळेची." मी वही तिच्या मांडीवर ठेवली, बोट लावून दाखवलं. "ही माझी परात. ही त्याची कळशी. मग हे सगळं त्याचं."

तिने चष्मा लावला. ती ओळ वाचली, खालची वाचली, पान संपेपर्यंत वाचत गेली. वाचायला इतका वेळ लागायचं काही कारण नव्हतं. मग चष्मा काढून पदराने पुसत बसली.

"कल्याणचं एक स्थळ आलेलं," ती म्हणाली. "कंपनी बंद पडली आणि महिन्याभरात. मुलगा बँकेत होता. त्यांना तू पसंत होतीस."

मला ते स्थळ आठवत होतं. पोहे केले होते, मुलाची बहीण माझ्याशी छान बोलली होती. "पत्रिका जुळली नाही म्हणालीस."

"पत्रिका मी कुणाला दाखवलीच नाही."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज येत होता.

"दोन वर्षं, असं म्हटलेलं मी मनाशी," आई म्हणाली. "त्याची बारावी होईपर्यंत. मग तुझं करू. मग त्याचं इंजिनिअरिंग आलं. मग ते परदेश. मी तुझ्या बाबांना म्हणायचे, पोरीचं बघायला हवं. ते म्हणायचे, हो, बघू. तू पगाराचं पाकीट आणून माझ्या हातात द्यायचीस. मी ते घ्यायचे."

"आणि नाव त्याचं का घातलंस?"

हे मला लग्नापेक्षा जास्त लागलं होतं. हे विचारताना माझा आवाज चढला आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"पहिल्या वर्षी मी तुझंच नाव घालायला गेलेले," ती म्हणाली. "जांभळी नाक्याच्या दुकानात. मशीनवाल्याने विचारलं, नाव काय घालू? आणि माझ्या तोंडातून निघेचना. हातात तुझे पैसे, आणि त्याच आठवड्यात कल्याणला नकार कळवून आलेले. कुठल्या तोंडाने तुझं नाव सांगायचं? मागे माणसं उभी होती. मी त्याचं नाव सांगितलं आणि मोकळी झाले. मग दर वर्षी तेच. सवय लागली."

मला वाटत होतं मी खूप चिडेन. चिडले होतेच. पण अडतीस वर्षांनी आलेला राग फार थकलेला असतो, त्याला उभं राहायला जागा सापडत नाही. समोर चौऱ्याऐंशीची बाई, उद्यापासून तिची औषधं, तिचं पथ्य, तिचा बेडपॅन लागला तर तोही, सगळं माझ्याकडेच. हिच्यावर मी काय ओरडणार?

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी खरंच विचार केला. तेव्हाचं घर डोळ्यांपुढे आणलं: बाबा दिवसभर गॅलरीत, भावाची पुस्तकं, दुधाचं बिल. "कदाचित मीही नकोच म्हटलं असतं," मी म्हटलं. "पण ते मी म्हटलं असतं."

आईने मान हलवली. "हो," ती म्हणाली. "ते तुझं होतं. ते मी घेतलं. चुकलं माझं."

तिने आयुष्यात कुणाला चुकलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बाबांनाही नाही. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसतं अंग सैल पडलं, पाठ धरलेली असते आणि अचानक सुटते तसं. थोड्या वेळाने आई म्हणाली, "ट्रंकेचं आता तुला हवं ते कर."

"जाऊ दे," मी म्हटलं. "माझ्याकडे माळा नाही."

टेम्पो साडेअकराला आला. वसतिगृहाच्या बाई स्वतः आल्या होत्या, हातात पावतीपुस्तक. टेम्पोवाला तिकडचाच, आंबिवलीच्या बाजूचा, पन्नाशीचा दांडगा माणूस. तासाभरात त्याने आणि त्याच्या जोडीदाराने घर खाली केलं. ट्रंकेपाशी येऊन तो थांबला. "अवरी मोटी टरंक! ह्यान काय लोखंड भरलाय का?" मग घाम पुसत म्हणाला, "ताई, आधी पानी द्या वाईच."

पेले, तांबे, माठ, सगळं खाली टेम्पोत गेलं होतं. मी ट्रंक उघडून वरचा तांब्या काढला, नळाखाली विसळला आणि भरून त्याला दिला. तो तोंड वर करून घटाघटा प्याला, मग जोडीदारही प्याला. मी तांब्या पुसून परत ठेवला आणि वहीत त्या ओळीपुढचं ‘न वापरलेली’ खोडून टाकलं. नोंद चुकीची ठेवायची मला सवय नाही.

बाई तोवर ट्रंकेतली भांडी बघत होत्या. त्यांनी परात तिरकी धरून नाव वाचलं, ‘कु.’वरून त्यांची नजर माझ्याकडे आली आणि परत परातीकडे गेली. विचारलं काहीच नाही. चांगली बाई. "नावाची भांडी आम्हाला बरी पडतात," एवढंच म्हणाल्या. "गावजेवणाला वगैरे बाहेर गेली तरी ओळखून परत आणता येतात." मी त्यांना वही दाखवली. एवढी टापटीप यादी आजवर कुणी दिली नव्हती म्हणाल्या, आणि लगेच, जरा चाचरत, वस्तूंच्या पावतीवर करात सवलत मिळत नाही हेही सांगितलं. मी म्हटलं, माहीत आहे.

त्यांनी पावतीपुस्तक कपाट होतं त्या जागी, भिंतीला टेकवून धरलं. पेन उघडलं.

"नाव काय घालू?"

यादीच्या डोक्यावर आईचं नाव होतं. घर तिचं, सामान तिचं. ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठली होती. भिंतीचा आधार घेत, रिकाम्या खोलीतून पाय ओढत ती बाईंपर्यंत गेली आणि तिने माझं नाव सांगितलं. आधी माझं, मग बाबांचं, मग आडनाव. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, खणखणीत. बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"बरोबर?"

"बरोबर," आई म्हणाली, आणि पावतीवर वाकून, चष्मा न लावताच, नाव नीट उमटलंय ना हे बोटाने चाचपून बघू लागली.